दिवेलागणीचं पाणी

घोड्यांच्या बाबतीत आत्याला कुणी शहाणपण शिकवायला गेलं, की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची. चपला स्वच्छ दिसल्या की ऐकणं तिथंच संपलं. "लीद तुडवलेली नाही आणि निघाला सांगायला," असं सरळ तोंडावर म्हणायची. वीटभट्टीजवळच्या गाडीवाल्यांच्या आळीत तिचा शब्द चालायचा, तो काही उगाच नाही. वडील गेल्यावर भावाला घोडे आवरेनात, तेव्हा हिनं स्वतःच्या लग्नाचा विषय गुंडाळून ठेवला आणि लगाम हातात घेतला. पुढं भाऊ गेला, भावजय गेली, भाचा वाढला, त्याचं लग्न झालं. पण गाडीच्या पुढच्या फळीवरची आत्याची जागा काही हलली नाही. अंगानं दणकट बाई. हसली की तबेल्यातल्या चिमण्या उडायच्या.

भाच्याची बायको, म्हणजे घरातली सून, ही कापडदुकानवाल्याची लेक. घोडा तिनं लांबूनच पाहिलेला. लग्नाला दोन दिवस होतात न होतात तोच आत्यानं तिच्या हातात खरारा दिला आणि दोन्ही घोड्यांपुढं नेऊन उभी केली. "ही तांबडी, ती काळी. सासू नाही म्हणून खूश होऊ नकोस, या दोघी आहेत. रोज पाठ चोळायची." सून घाबरली, हसली, आणि चोळायला लागली. तांबडीनं मान वळवून तिचा पदर चघळला. भीती पुरती गेली नाही ती नाहीच. मागच्या पायांच्या बाजूनं जायचं झालं की सून अजून भिंत धरून जायची.

या घराची एक रीत होती आणि ती आत्यानंच पाडलेली. दिवसभर विटा ओढून घोडीचे पाय सुजतात. मग दिवेलागणीला सामान उतरवायचं, आणि भट्टीसाठी माती काढून जे खड्डे झालेत, पावसानं भरलेत, त्यात घोडीला गुडघाभर पाण्यात उभी करायची. चांगलं अंधारून येईपर्यंत. "जिनं दिवसभर ओढलं तिचे पाय आधी, आपलं जेवण नंतर," असं आत्या म्हणायची, आणि भूक लागून जीव कासावीस झाला तरी कुणी आधी ताटावर बसायचं नाही. तिच्या घोड्यांचे पाय बघून आळीतल्या निम्म्या लोकांनी ही रीत उचलली. उरलेले निम्मे कंटाळा करायचे, आणि आत्या त्यांना येता-जाता टोमणे मारायची. सून काठावर बसून हातपाय खाजवायची. पाण्यावर डासांचे थवेच्या थवे उठायचे. "तुला फार चावतात," आत्या म्हणायची. "कापडवाल्यांचं रक्त गोड दिसतंय."

पाऊस आटोपला, भट्टीचा हंगाम उघडला. काळीच्या टापेला चीर गेली होती, म्हणून ती ठाणावर बांधलेली आणि सगळं ओढणं तांबडीवर. सुनेचा नवरा भट्टीवर गाडी भरायचा, आत्या हाकायची, सून मागं बसून विटा सांभाळायची.

त्या सकाळी चढावर तांबडीचा मागचा पाय घसरला. आत्यानं रस्त्याला शिव्या घातल्या. पुढं सपाटीवर पुन्हा घसरला, तेव्हा मात्र शिव्या थांबल्या. खाली उतरली, चारही टापा उचलून पाहिल्या, नाल ठोकून पाहिले, दगड नाही, जखम नाही. तांबडीचा वरचा ओठ थरथरत होता. माशी बसली की कातडी उडते तशी मानेची कातडी उडत होती, आणि माशी तर एकही नव्हती.

"विटा उतरव," आत्या म्हणाली.

"इथं? रस्त्यात?"

"मग काय तिच्या पाठीवर रचतेस?"

दोघींनी अर्धी गाडी रस्त्याच्या कडेला उतरवली. तांबडी मान खाली घालून उभी राहिली. सुनेनं पुढं होऊन कपाळावर हात ठेवला, तर तवा तापावा तसं कपाळ. घरी येईपर्यंत तांबडीनं तीनदा दिशा सोडून भिंतीकडं ओढलं. चंदी पुढं ठेवली तर तोंड घातलं नाही, नुसते दात खात राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा ती ठाणावर आडवी होती. पुढचे पाय रेटून उठू बघायची, मागचा भाग काही यायचा नाही, आणि ते सगळं धूड धाडकन खाली. त्या आवाजानं काळी दावं ताणून उभी राहायची. सुनेला वाटलं, असं चार वेळा पडली तर हाडंच मोडतील हिची.

बातमी आळीभर व्हायला वेळ लागतो का? समोर पैलवान राहायचा. हा पैलवान म्हणजे बरगड्या मोजून घ्याव्यात असा माणूस. नाव ज्यानं ठेवलं तो वारला, नाव राहिलं. पण आवाज मात्र पैलवानाचा. "मेंदूचा रोग आहे," त्यानं हौदावर जाहीर केलं. "एक पडली की आळी पडते. माझ्या काकाच्या वेळी असंच झालं होतं. आत्यानं घोडी बाहेर काढावी, नाही तर आम्ही काढू."

हौद सगळ्या आळीचा. सून बादली घेऊन गेली तर बायका बाजूला झाल्या. वाट दिली असती तर गोष्ट वेगळी. या मागं सरकल्या, पदर आवरून. एकीनं तिची बादली पायानं लांब सारली. "तुमची जनावरांची जुनी डोण आहे ना अंगणात, तिच्यात पावसाचं साठलंय की. ते पाजा." भट्टीवर मुकादमानं नवऱ्याला गाडीवरून काढून मातीच्या ढिगावर लावलं, आणि पाणी प्यायला वेगळा डबा दिला.  नवरा तो डबा घरी घेऊन आला आणि अंगणात भिरकावून दिला.

पुढच्या दुपारी आत्यानं बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीची, तरुण बाई, मोटरसायकलवरून. आत्यानं सवयीनं पायांकडं पाहिलं. बूट घोट्यापर्यंत लिदीनं भरलेले. आत्या बाजूला झाली.

बाईंनी आधी हातमोजे घातले. "कुणी हिच्या तोंडात हात घालू नका. दुसऱ्या एका वाईट रोगाची, पिसाळण्याची, शंका पुरती जाईपर्यंत नाहीच." ताप पाहिला, डोळ्यापुढं बोट नाचवलं, पाठीच्या कण्यावरून पेन ओढून कातडी कशी उडते ते पाहिलं, रक्त काढून घेतलं. मग उठल्या आणि घोडी सोडून घरच बघत हिंडायला लागल्या. अंगणातली जुनी डोण वाकवून पाहिली. तळाला पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. पडलेलं टायर पायानं उलटं केलं, त्यातही तेच. तबेल्यातल्या ठाणावर रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडं पाहिलं. "आसपास मेलेले कावळे दिसले का कुणाला?"

"दिसले," सून म्हणाली. "खड्ड्यांच्या पलीकडं, झाडाखाली. तीन-चार होते."

"आणि दिवेलागणीला घोडी कुठं असते?"

आत्या सावरून बसली. या प्रश्नाचं उत्तर तिला आवडीचं. "दिवेलागणीला आमची घोडी पाण्यात असते, बाई. आळीत कुणाच्या घोड्याचे पाय बघा आणि हिचे बघा." आणि तिनं सगळी रीत सांगितली, अंधार पडेपर्यंत कशी उभी करायची इथपर्यंत.

 डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून उलटे गुंडाळले. मग आत्याच्या शेजारी ओट्यावर बसल्या. "आत्या, हा रोग पाखरांत असतो. पाखराला डास चावतो, तोच डास घोडीला चावतो. घोडीपासून घोडीला होत नाही, घोडीपासून माणसालाही होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. हे डास साठलेल्या पाण्यावर वाढतात आणि दिवेलागणीला निघतात. बाकीच्या वेळी घोडी कुठं का असेना. नेमक्या त्या वेळी, नेमक्या त्या पाण्यात..." त्या थांबल्या. "पाय थंड करायची तुमची रीत चांगली आहे. वेळ आणि पाणी चुकलं. सकाळी बादलीनं करता आलं असतं."

 सुनेनं तिच्याकडं पाहायचं टाळलं, कारण तिला खात्री होती की आत्या आता फाडकन काहीतरी बोलणार. पण आत्यानं विचारलं ते एवढंच. "औषध?"

"विषाणूवर नाही. सूज उतरायला सुई देते, पाणी चढवते. बाकी तुमच्या हातात आहे. पडून राहिली तर तिच्याच वजनानं तिचे स्नायू मरतात, फुप्फुसं भरतात. सतत कूस पालटत राहा. आणि काही करून तिला पायांवर आणा. अशा आजारात जी उठून उभी राहते तिची आशा धरायची."

"आणि जी नाही राहत?"

"तिची नाही," बाई म्हणाल्या. काळीला लस टोचून, पुन्हा टोचायला येईन असं सांगून त्या गेल्या.

घोडीची कूस पालटणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. पायांना दोर बांधायचे, नवरा दोर ओढणार, आत्या खांद्यानं पाठ रेटणार आणि सून डोकं मांडीवर धरणार, म्हणजे आपटून डोळा फुटायला नको. ते डोकं मांडीवर घेतलं की सुनेच्या मांड्या बधिर व्हायच्या. खाली गवताचा जाड थर, तो भिजला की उपसायचा, नवा घालायचा. घासून घासून कमरेच्या हाडावरची कातडी सोलवटली, तिथं मलम. आत्यानं आपली गादी आणून घोडीच्या कमरेखाली सारली आणि स्वतः पोत्यावर पडली. सून हे बघत होती. या बाईनं जन्मात कुणाची मनधरणी केली नव्हती, आणि आता ती घोडीच्या कानाशी वाकून म्हणत होती, "ऊठ गं बाई. एकदा ऊठ. मग मला लाथ मार हवी तर."

पण तिघांनी घोडी पालटता येते, उचलता येत नाही. उचलायला झोळी लागते, तीन बांबूंचं तिकाटणं लागतं, साखळीची कप्पी लागते, आणि धरायला दहा जणांचे हात. झोळी आत्यानं आणि सुनेनं गाडीवरच्या ताडपत्रीची शिवली. दाभणानं दोघींची बोटं फुटली. कप्पी मोटारवाल्या मिस्त्रीकडं होती. नवरा मागायला गेला तर मिस्त्री म्हणाला, "देतो रे, पण आळीचं काय म्हणणं आहे ते बघ आधी."

"मी जाऊन सांगते त्यांना," नवरा परत आल्यावर सून म्हणाली. "घोडीपासून घोडीला होत नाही, हे डॉक्टरीणबाईच म्हणाल्यात. तेवढं कळलं की येतील."

"तेवढंच सांगणार?" आत्यानं विचारलं.

 तेवढंच सांगायचं सुनेच्या मनात होतं, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. बाकीचं सांगून आत्याची अब्रू कशाला घालवायची?

आत्या उठली. पदर खोचला. सकाळची वेळ, हौदावर घोडे पाणी पीत होते, गाडीवाले विड्या ओढत होते. आत्या येताना दिसली तसे सगळे उभे राहिले, पण मागं सरकून. सून तिच्यामागं होती. तिला वाटलं, आत्या नेहमीसारखी गरजेल आणि हे सगळे चूप होतील. आत्याचा आवाज मात्र तिला ओळखूच आला नाही, इतका साधा होता.

"माझ्या घोडीला झालंय ते डासांनी झालंय. घोडीपासून घोडीला लागत नाही. पण हे ऐकून निवांत होऊ नका. ते डास खड्ड्याच्या पाण्यावरचे आहेत, दिवेलागणीचे. तिथं तिला मीच उभी करत होते. तुमच्यातल्या निम्म्यांना ती सवय मीच लावली. जे ऐकत नव्हते त्यांना आळशी म्हटलं मी. डास मला दिसत होते. म्हटलं, शेपटी आहे की तिला, मारेल. चुकलं माझं. आजपासून एकही जनावर दिवेलागणीला खड्ड्यावर नेऊ नका. ठाणावरचा दिवा विझवा, धूर करा, साठलेलं पाणी ओता. आणि बाई काळीला पुन्हा लस टोचायला येणार आहेत, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या घोड्यांना टोचून घ्या."

 एक घोडा पाण्यात फुरफुरला. मग पैलवानाचा आवाज फुटला. "म्हणजे आमच्या घोड्यांच्या मुळावर तूच उठलीस. वर्षानुवर्षं टोमणे मारून मारून माझी चांदणी त्या घाणीत उभी करायला लावलीस."

"हो," आत्या म्हणाली.

 भांडायला आलेल्या माणसाला समोरून 'हो' आलं की त्याची फार पंचाईत होते. पैलवानानं घोडी ओढली आणि चालता झाला. आत्या जागची हलली नाही. "मला हात हवेत," ती उरलेल्यांना म्हणाली. "उचलायला. यायचं तर या, नाही आलात तरी माझी तक्रार नाही." आणि वळली.

वाटेत सुनेला रडू आलं. ते अपमानाचं होतं की कसलं, तिला नीट कळलं नाही. एवढ्या माणसांपुढं इतकं सरळ उभं राहून कुणी स्वतःचं चुकलं म्हणताना तिनं पाहिलं नव्हतं. तिच्या बापानं तर एक वार कापड कमी मोजलं तरी कधी कबूल केलं नसतं. या घरात आपण आलो हे बरं झालं, असं तिच्या मनात त्या घडीला अगदी स्पष्ट आलं.

पहिला आला मिस्त्री, खांद्यावर कप्पी टाकून. मग दोघं बांबू घेऊन, मग आणखी. हौदावर जिनं बादली सारली होती तिचा नवराही आला, आणि ती स्वतः चहाची किटली घेऊन आली, सुनेकडं न बघता कप भरत राहिली. तबेल्याचे वासे कच्चे, म्हणून अंगणात तिकाटणं उभं केलं. दाराचं फळकूट तांबडीखाली सारून, गवतावरून ओढत तिला बाहेर काढली. झोळी पोटाखालून घेतली, छातीपुढून आणि मागून पट्टे बांधले. मिस्त्रीनं साखळी ओढायला घेतली. तांबडी हळूहळू जमिनीपासून सुटली. पाय लोंबत होते, खुरांची पुढची टोकं मातीला टेकत होती, वळत होती.

"पाय सरळ करा," आत्या म्हणाली, आणि स्वतः मातीत बसून तिनं मागचा एक खूर दोन्ही हातांनी सपाट टेकवला. दुसऱ्या खुराशी कुणीतरी बसायला हवं होतं. तिथं सून जाऊन बसली, घोडीच्या अगदी मागं, भिंतबिंत न धरता.

पुढचे दिवस झोळीतच गेले. उन्हाला वर ताडपत्री, दिवेलागणीच्या आधी कडेनं ओल्या पाल्याचा धूर, अंगाला डॉक्टरीणबाईंनी दिलेलं तेल. पाय चोळायच्या पाळ्या लागल्या. जो मोकळा होईल तो येऊन चोळायचा. आळीतली डोणी-टायरं रिकामी झाली, मुकादमानं दोन खड्डे बुजवून दिले आणि नवऱ्याला पुन्हा गाड्या भरायला लावलं. वेगळ्या डब्याचा विषय कुणीच काढला नाही. तांबडीनं आधी पाणी घेतलं, मग भिजवलेला कोंडा. एका सकाळी झोळीचे पट्टे सैल दिसले. तिनं चारही पायांवर थोडं थोडं वजन घेतलं होतं. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, खूश झाल्या, पण म्हणाल्या, "झोळी लगेच काढू नका. आत्ता पडली तर पुन्हा उठायची ताकद तिच्यात नाही." रक्ताचा अहवालही आला होता. तोच रोग. ती दुसरी, वाईट शंका तेवढी मिटली.

त्याच दुपारी, मिस्त्री आणि बांबूवाले पाय चोळायला जमलेले असताना, पैलवान दारात येऊन उभा राहिला. हौदावरच्या त्या सकाळनंतर तो या बाजूला फिरकला नव्हता. आत आला नाही, चौकटीला टेकून उभा. हात रिकामे, डोळे लाल. झोळीकडं बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

"कधी पडली?" आत्यानं विचारलं.

"सकाळी." त्याचा एवढा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "दोनदा उठली. आता उठत नाही. काल ओठ उडत होता. मी कुणाला बोललो नाही."

आत्यानं झोळीच्या गाठीला हात घातला.

"आत्या," सून पुढं झाली. ती हळू बोलली, पण पैलवानाला ऐकू जाईल हे तिला ठाऊक होतं. "बाई काय म्हणाल्या? आपली पडली तर?"

"ऐकलंय मी."

"दुसरी शिवू. आज संध्याकाळपर्यंत होईल शिवून."

"संध्याकाळपर्यंत ती पडून राहील. माणसं आत्ता इथं आहेत, कप्पी आहे, झोळी आहे." आत्याला गाठ सुटेना, मग तिनं ती दातांनी ओढली. "आपली उभी आहे. त्याची पडलीय. त्याच्या घोडीला त्या पाण्यात मी नेलंय गं."

छातीचा पट्टा सुटला, मागचा सुटला. मिस्त्रीनं साखळी एकेक कडी सोडली. ताडपत्री पोटाखालून ओघळून खाली पडली. तांबडी हेलकावली, चारही पाय फाकवले, आणि थांबली. आत्यानं तिच्या मानेवर एकदा हात ठेवला. तोंड वळवून डोळे पुसले, कुणापासून न लपवता पुसले. मग झोळी खांद्यावर टाकून पैलवानाला म्हणाली, "चल, कुठं पडलीय दाखव," आणि कप्पी सोडवून घेऊन मिस्त्री, दुसरे बांबू घेऊन बांबूवाले, सगळे तिच्यामागून गेले.

अंगणात सून आणि घोडी राहिल्या. सुनेनं तांबडीच्या बरगड्यांना खांदा लावला आणि दोन्ही पाय मातीत रोवले. घोडीचं वजन तिच्यावर आलं. इतकं आलं की तिचा श्वास अडकला आणि टाचा मागं सरकल्या. पडली तर आपणही खाली जाणार, हे तिला समजत होतं, पण ती हलली नाही. वजन मागं गेलं, पुन्हा आलं, आधीपेक्षा कमी. "उभी राहा," ती पुटपुटत होती. "उभी राहा, माझे आई." समोरच्या घरातून आत्याचा जुना आवाज आला, दणदणीत. "मागून धरा रे, मागून! डोकं आपटू देऊ नका!" सून ऐकत राहिली. एक-दोन-तीन म्हणून सगळ्यांनी उचललेलं ऐकलं. साखळीची खडखड ऐकली.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. नवरा भट्टीवरून आला, अंगभर मातीचा, आणि फाटकातच थबकला. मोकळं तिकाटणं पाहिलं, घोडी पाहिली.

"झोळी कुठंय?"

"पैलवानाकडं. त्याची चांदणी पडलीय."

"आणि आत्या?"

"तिथंच."

तो दोन पावलं पुढं आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मग ही कशाच्या आधारानं उभीय?"

सुनेनं खाली पाहिलं. तिच्या खांद्यात आणि घोडीच्या बरगड्यांत वीतभर अंतर पडलं होतं. ते कधी पडलं, तिला माहीत नव्हतं.

"कशाच्याच नाही," ती म्हणाली.